तेल पास करणारी वहिनी

आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. मी बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सकाळपासून दुपारपर्यंत साऱ्या गावाला ऐकवते, आणि उरलेलं घरी येऊन बोलते. माझी वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, नेमकी उलट. तिच्या कामात तोंड उघडलं की काम बिघडतं. हे मी चेष्टेने म्हणत नाही, खरोखरच बिघडतं.

वहिनी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तेल तपासते. रस्त्याच्या कडेला तो राखाडी डबा असतो ना, ज्याच्याकडे आपण फक्त वीज गेल्यावर शिव्या द्यायला बघतो, त्याच्या पोटात तारांची वेटोळी असतात आणि ती तेलात बुडलेली असतात. तेल तारांची उष्णता वाहून नेतं. पण त्याचं खरं काम विजेला अडवणं. एका वेटोळ्यातून दुसऱ्यात किंवा डब्याच्या पत्र्यात उडी मारायला वीज टपलेलीच असते आणि मध्ये हे तेल उभं असतं. तेल कच्चं निघालं तर डबा पेटतो. म्हणून कारखान्याच्या फाटकात नव्या तेलाचा टँकर आला की आधी वहिनीला निरोप जातो. ती हो म्हणेपर्यंत टँकरला नळी जोडत नाहीत.

तिची तपासणी मला तोंडपाठ आहे, कारण तिच्याकडून ती काढून घ्यायला मला दोन वर्षं लागली. एक लहानसं पारदर्शक भांडं. त्यात समोरासमोर दोन पितळी गोळे आणि त्यांच्यामध्ये अडीच मिलिमीटरची फट. ही फट ती दर वेळी पट्टी घालून मोजते, काल मोजली म्हणून आज सोडत नाही. भांडं ज्या तेलाची परीक्षा घ्यायची त्याच तेलाने विसळायचं. पाणी लावायचं नाही आणि फडक्याने तर पुसायचंच नाही. मग तेल कडेकडेने असं ओतायचं की एक बुडबुडा उठता कामा नये, आणि झाकण लावून त्याला जरा स्वस्थ बसू द्यायचं. त्यानंतर गोळ्यांना वीज जोडून दाब चढवत न्यायचा. तेल सोसतं, सोसतं आणि एका क्षणी हात टेकतं. दोन गोळ्यांमध्ये तट्कन ठिणगी पडते. ज्या आकड्याला ठिणगी पडली, तेवढी त्या तेलाची ताकद. असं सहा वेळा करून सरासरी काढतात.

आता उघड्या भांड्यावर कुणी बोललं तर श्वासातला ओलावा तेलात उतरतो. एवढाही ओलावा त्याला खपत नाही. म्हणून वहिनीच्या खोलीत भांड्यावर झाकण बसेपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. शिवाय शाल, मफलर, कानटोपी, जे काही लोकरीचं असेल ते दाराबाहेरच्या खुंटीवर टांगायचं आणि मगच आत यायचं. तंतू तेलाचा वैरी. कारखान्याचे मोठे साहेबसुद्धा हिवाळ्यात गळा उघडा ठेवून आत जातात आणि बाहेर येऊन शिंकतात. हा नियम वहिनीनेच केलेला आहे.

तिच्या शब्दाला तिथे वजन आहे. तिने नाही म्हटलेलं तेल दुसऱ्या कुणी तपासून पास केलं, असं आजवर झालं नव्हतं. एकदोन तेलवाल्यांनी चिडून त्याच तेलाचा नमुना दुसरीकडे दाखवला होता, तिथेही तेच उत्तर आलं. वहिनी फुशारकी मारणारी नाही, पण ही एक गोष्ट सांगताना तिची मान जराशी ताठ व्हायची. तिची सगळी मिळकत तेवढीच, तिचं 'नाही'.

आमच्या आईला मात्र हे काम कधीच पटलं नव्हतं. सून नोकरी करते याला तिची हरकत नव्हती, पण तेलाच्या भांड्यासमोर गप्प बसून राहायचं, याला नोकरी म्हणतात का, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. आई विणकाम करते. थंडीची चाहूल लागली की तिच्या सुया निघतात. दादाला, मला, माझ्या मुलीला, इतकंच काय, शेजारच्या काकूंच्या जावयालासुद्धा आईच्या हातचा स्वेटर आहे. वहिनीला नव्हता. तिच्या हातांना कारखान्याच्या तेलाचा वास येतो, चांगली लोकर वाया जाईल, हे आईचं कारण. आपण ते कधी मनाला लावून घेतलं नाही असं वहिनी म्हणते. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. दर हिवाळ्यात आई गुंडे काढून बसली की वहिनी जाता जाता रंग बघून घ्यायची, आणि मग काही काम नसताना आतल्या खोलीत जायची.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मागच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर पेटला. जुनापुराणा डबा होता, त्याच्या तेलात कधीतरी पाणी शिरलेलं. आईने गॅलरीत उभं राहून त्या ज्वाळा पाहिल्या. कुणाला इजा झाली नाही, पण आई घाबरली. त्या दिवशी जेवताना तिने वहिनीला पहिल्यांदा विचारलं की ती तिथे नेमकं करते तरी काय. वहिनीने सगळं सांगितलं. आई कान देऊन ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे तू तिथं नाही म्हणतेस, म्हणून आपल्या दाराशी असं होत नाही."

"मी एकटी नाही, आई. पण हो," वहिनी म्हणाली.

त्यानंतर चार दिवसांनी आईने डाळिंबी रंगाची लोकर आणली. कुणासाठी ते सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, तू तुझ्या गाड्या बघ. स्वेटर पूर्ण झाला तेव्हा तिने तो वहिनीच्या हातात ठेवला आणि बजावलं की हा कपाटात कोंडायचा नाही, कारखान्यात घालून जायचा. तिथल्या लोकांना कळू दे तुझ्या घरात माणसं आहेत. वहिनीने तो तिथेच घातला आणि पाठ फिरवून बराच वेळ बटणं लावत बसली. बटणं पाचच होती.

आता लोकरीचा नियम कुणाचा? तिचाच. पण त्या खुंटीवर आपला स्वेटर टांगायला तिचा हात होईना. तिने मनाची समजूत घातली की वरून कामाचा कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, म्हणजे लोकर आत बंद झाली. कोटाचं कापड गुळगुळीत, त्याला तंतू धरत नाही. फक्त कोटाच्या बाह्या आखूड होत्या आणि आईने मनगटाशी घट्ट, जाड पट्टी विणली होती. ती पट्टी दोन बोटं बाहेर डोकावत होती. एरवी दुसऱ्याच्या खांद्यावरचा केस दारातून ओळखणाऱ्या माझ्या वहिनीला आपल्या हातातलं दिसलं नाही.

त्याच आठवड्यात इस्पितळाच्या नव्या इमारतीसाठी मोठा ट्रान्सफॉर्मर तयार होत होता. वेटोळी वाळवून डब्यात बसवली होती आणि तेलाची वाट बघत होती. वाळलेली वेटोळी फार वेळ कोरडी ठेवता येत नाहीत, ती हवेतला ओलावा परत ओढून घेतात. टँकर आला. वहिनीने नमुना काढला आणि तपासला. आकडा खाली आला. तिने दुसऱ्या बाटलीत नवा नमुना घेतला, भांडं पुन्हा विसळलं, फट पुन्हा मोजली. पुन्हा खालीच. मग तिने बाहेर येऊन सांगितलं, तेल नापास.

कुणी वाद घातला नाही. बाईंनी नाही म्हटलं म्हणजे नाही, असं म्हणून साहेबांनी दुसरं तेल मागवायची तयारी सुरू केली. इस्पितळाला उशीर होणार होता, तरी त्यांनी तिला उलट प्रश्न केला नाही. टँकरचा चालक तेवढा दारात घुटमळत राहिला. दूरवरून आलेला माणूस, रात्र गाडीतच काढलेली. तो एवढंच म्हणाला, "ताई, हे तेल मी स्वतः उभं राहून भरून घेतलंय. वाटेत झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही."

वहिनी त्याला म्हणाली की आकडा असा आला आहे, मी काय करू. टँकरने दुसऱ्या दिवशी सकाळी परत जायचं ठरलं.

मी आणि माझी मुलगी त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्या संध्याकाळी दूध मागायला खाली आले तर वहिनीचं वेगळंच काहीतरी चाललं होतं. जेवणाच्या टेबलावर तिने आईची काळी छत्री उघडून ठेवली होती आणि दिवा जवळ ओढून छत्रीवर स्वेटरची बाही हळूच झटकत होती. थंडीच्या दिवसांत उघडी छत्री बघून मी म्हणाले, वहिनी, घरात गळतंय की काय? तिने छत्रीच्या काळ्या कापडाकडे बोट केलं. मी वाकून पाहिलं. बारीक, डाळिंबी, दिसतील न दिसतील असे तंतू तिथे पडले होते.

मग ती बोलली. तिला दुपारपासून चैन नव्हतं. तेल ओलं असेल तर सगळे आकडे खाली येतात, पण एकमेकांच्या आसपास येतात. आजचे आकडे उड्या मारत होते. एक बरा, पुढचा एकदम खाली, मग पुन्हा मधलाच. तंतू असला की असं होतं, हे ती नव्या माणसांना स्वतः शिकवते. आज मात्र तिने ते आकडे पाहिले आणि सरासरी काढून मोकळी झाली. एवढं सांगून तिने स्वेटरची नीट घडी केली. तेव्हा मला कळलं की तिच्यापुढे एक नाही, दोन माणसं उभी होती. तो टँकरवाला, आणि आतल्या खोलीत झोपायची तयारी करत असलेली आमची आई. एकाला न्याय द्यायचा तर तिचं ते कधीही न खोडलेलं 'नाही' तिलाच खोडावं लागणार होतं. आणि खरं कारण सांगायचं तर इतक्या वर्षांनी मिळालेल्या स्वेटरवर बोट ठेवावं लागणार होतं.

सकाळी स्वेटर घरातल्या खुंटीवर होता. आईच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. थंडी संपली का, असं तिने विचारलं. संध्याकाळी सांगते आई, असं म्हणून वहिनी रोजच्यापेक्षा लवकर निघाली.

पुढचं मला कारखान्याच्या वॉचमनकडून कळलं. तो पाळी संपवून आमच्याच स्थानकावरून गाडी पकडतो, आणि गाडीला वेळ असला की माझ्या खिडकीशी येऊन कारखान्याची खबरबात देतो. त्या दिवशी तर तो धावतच आला. टँकर सुरू होऊन फाटकाशी आला होता, एवढ्यात वहिनी समोर उभी राहिली आणि तिने चालकाला इंजिन बंद करायला सांगितलं. नवा नमुना घेतला, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर सगळ्यांचा जीव टांगणीला. ठिणगीचा आवाज दाराबाहेर ऐकू येतो. वॉचमन म्हणाला, आदल्या दिवशी तट्तट् लगेच व्हायचं, आज मात्र कान देऊन उभं राहावं लागत होतं. सहाच्या सहा आकडे वर आले, आणि एकमेकांना धरून आले.

ती साहेबांकडे गेली आणि कारण सांगितलं. साहेब भला माणूस. त्यांनी तिला वाट काढून दिली. नमुन्याची बाटली खराब होती असं म्हणू, बाटली काही बोलायला येत नाही, तुमच्या नावाला कशाला धक्का. वहिनी म्हणाली, बाटल्या मीच तपासून घेतल्या होत्या, त्या चांगल्या होत्या. मग ती अंगणात आली. नळीवाले, वेल्डर, टँकरचालक, सगळे जमले होते. जी बाई कामाच्या वेळी 'अं' सुद्धा म्हणत नाही, ती त्या सगळ्यांसमोर मोठ्याने बोलली.

"तेल चांगलं आहे. काल चुकले ते मी. लोकरीचा नियम माझा, आणि लोकर घालून मीच आत गेले होते. या तेलाला काल जे नाव ठेवलं गेलं, ते मी परत घेते."

टँकरचालक पुढे आला. मग तो म्हणाला की एकदा नापासचा शिक्का बसलेल्या तेलाला दुसरीकडे कुणी हात लावत नाही, ताईंनी आज नुसतं तेल नाही वाचवलं. आणि त्याने चहा मागितला. नळी जोडली गेली.

खरं सांगू? ऐकताना मला आधी राग आला. माझ्या नाकावरच असतो तो. अगं, चूक सापडली होती, साहेब वाट काढून देत होते, गपचूप निस्तरायचं आणि घरी यायचं. चारचौघांत स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापून घ्यायची काय गरज होती? वॉचमन माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाला की बाई, आजवर आम्ही त्यांच्या 'नाही'वर डोळे मिटून भरवसा ठेवायचो, आता 'हो'वरही ठेवू. एवढं बोलून तो गाडीत चढला. मी माईक हातात धरून तशीच बसले. ही माझी वहिनी, असं त्या माईकवरून साऱ्या स्थानकाला सांगावं असं वाटत होतं. त्या नादात मी तीन नंबरची गाडी पाच नंबरवर लावली आणि निम्मे प्रवासी फलाटांवर सैरावैरा धावले. मला अभिमान वाटत होता, दुसरं काही नाही.

पण मोठी परीक्षा घरी होती. संध्याकाळी वहिनी आईसमोर बसली आणि तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. आईचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे माझ्या लोकरीत खोट," आई म्हणाली.

"लोकरीत नाही. ती तिथं नेली, त्यात. आई, हा स्वेटर मला हवाय. रोज हवाय. पण इथं."

दादा पेपरमध्ये तोंड खुपसून बसला होता. मीसुद्धा गप्प होते, यावरून काय ते समजा. आई खुंटीवरच्या स्वेटरकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती तो काढेल आणि उसवायला बसेल. आमची आई रागावली की उसवते. पण तिने विचारलं, "एवढ्याशा तंतूनं अख्खा टँकर अडला?"

"अडला."

"मला दाखव," आई म्हणाली.

साहेबांनी परवानगी दिली. सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी आम्हा दोघींना घेऊन गेली. दाराबाहेर आईने आपली शाल स्वतःहून खुंटीवर टांगली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी माझा मफलर मुकाट्याने काढला. आत भांडं तयार होतं. वहिनीने स्वच्छ तेलावर दाब चढवला. काटा चढत गेला, चढत गेला, आणि फार उशिरा ठिणगी पडली. मग तिने ताज्या तेलात चिमट्याने लोकरीचा एक तंतू सोडला, त्याच स्वेटरचा. झाकण लावलं. दाब चढू लागला तसा तो तंतू हलला, वळला, आणि दोन गोळ्यांच्या मध्ये जाऊन सरळ आडवा उभा राहिला, कुणीतरी ओढून बांधल्यासारखा. तट्. काटा निम्म्यावरही आला नव्हता.

झाकण कधीच लागलं होतं, बोलायला हरकत नव्हती, तरी आईने तोंडावरचा हात काढला नाही. खोलीबाहेर येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. आमच्या घराण्यात हा विक्रम आहे. बाहेर येऊन शाल पांघरताना ती मला हळूच म्हणाली, "हिला एवढं दिसतं आणि मी हिला काय काय म्हणत होते."

आता तो स्वेटर घरी असतो. वहिनी कामावरून आली की हात धुऊन पहिला तो चढवते. आणि ती कामावर असते तेव्हा आई तो घालते, बाह्या दुमडून, कारण वहिनी तिच्याहून वीतभर उंच. तसाच घालून ती गल्लीत भाजी घ्यायला जाते आणि विचारलं नसतानाही सांगते की हा साधासुधा स्वेटर नाही, यानं टँकर अडवला होता, आणि माझ्या सुनेनं तो सोडवला. शेजारच्या काकूंनी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की आई श्वास घ्यायला थांबली तर पुढचं वाक्य त्या म्हणतात.

पण वहिनीच्या कोटाच्या बाह्या आखूडच होत्या, ते आईच्या डोक्यातून जाईना. तिथल्या खोलीत गारठा असतो हे तिने स्वतः अनुभवलं होतं. एके दिवशी तिने आपली काळी छत्री उसवली. होय, चांगली चालती छत्री. तिचं गुळगुळीत कापड कापून तिने धुवायला घरी आलेल्या वहिनीच्या जादाच्या कोटाला मनगटापर्यंत लांब पट्ट्या जोडल्या, आत अस्तरासारखं तेच कापड लावलं, आणि सगळ्या कडा दुमडून बारीक टाके घातले. लोकर नाही, सूत नाही, तंतू सुटायला जागाच नाही. संध्याकाळी वहिनी आल्यावर आईने तो कोट तिच्यापुढे ठेवला आणि समोरच्या खुर्चीत हात बांधून बसली. काकू नेमक्या वाटीभर साखर मागायला दारात आल्या होत्या, त्यांना आईने बोटानेच गप्प केलं.

वहिनीने दिवा जवळ ओढला. तिरप्या उजेडात एक बाही फिरवून पाहिली, आतून पाहिली, मग दुसरी. नखाने टाके चाचपले. पांढरा कागद खाली धरून कोट झटकला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. आमच्यापैकी कुणी हललं नाही. आईने ओठ मिटून घेतले होते आणि टँकरवाल्याने पाहिलं असेल तशी ती वहिनीच्या तोंडाकडे पाहत होती.

"नापास," वहिनी म्हणाली. "डाव्या मनगटाशी एक दोरा सुटलाय, आई."

मी डोळेच मिटले. म्हटलं, झालं, आता कोट गेला, छत्री तर आधीच गेली होती. पण आईने हात पुढे करून कोट ओढून घेतला, चष्मा चढवला, दोरा शोधला, आणि कात्री घेत काकूंकडे वळली. तिचा चेहरा असा फुलला होता की आम्हा दोन्ही भावंडांच्या कुठल्या निकालावरही तो कधी तसा फुलला नसेल.

"बघितलंत?" ती म्हणाली. "मलासुद्धा सोडत नाही माझी सून."